पत्त्यासकट प्रार्थना

सरकारला शिव्या देणारी माणसं आमच्या गावात घरटी दोन सापडतील. मीही त्यातलाच. सरकारसाठी दर रविवारी देवापुढं गुडघे टेकणारा मात्र एकच, शमुवेल गवंडी. उदगीर तालुक्यातलं आमचं गाव, त्यात बोटावर मोजण्याइतकी ख्रिस्ती घरं, पत्र्याचं छोटं चर्च आणि त्याच्या भिंतीला लागून माझं शिलाईचं दुकान. देवाच्या भानगडीत मी पडत नाही. पण शमूदादाचा आवाज असा, की कानात कापूस घातला तरी ऐकू येतो.

सत्तेवरच्या माणसांसाठी प्रार्थना करावी, ही त्यांच्या धर्माची शिकवण. बाकीचे एका वाक्यात उरकतात. शमूदादा पडला गवंडी, एक वीट सोडून पुढं जाणं त्याला जमत नाही. राष्ट्रपतींपासून सुरुवात करून तो पदं उतरत उतरत लाईनमनपर्यंत येतो. "हे प्रभू, आमच्या हरिओमला खांबावर संभाळ. अन् खाली उतरला की त्याचा फोन लागू दे." मग सरपंच. "वैजनाथरावांना सुबुद्धी दे. टाकी बांधून दोन वर्सं झाली, तिच्यात पाणी सोडायचं त्यांच्या ध्यानात आण." ग्रामसभेला माणसं जमत नाहीत, पण रविवारी माप द्यायचं निमित्त करून निम्मं गाव माझ्या दुकानात बसतं.

वैजनाथराव भडकले. मराठवाड्याचा मुक्तिदिन तोंडावर आलेला. सतरा सप्टेंबरला झेंडा वर गेला की भारतमातेचा जयकार शमूदादानं द्यायचा, ही गावची रीत. झेंड्याचा ओटाही त्यानंच बांधलेला, मजुरी न घेता. त्या एका सकाळसाठी हा माणूस वर्षभर घसा जपतो, उन्हाळ्यातसुद्धा माठातलं पाणी पीत नाही. सरपंचांनी त्याला माझ्या दुकानापुढंच गाठलं.

"शमू, माझं नाव घेणं बंद कर. न्हाई तर औंदा जयकार दुसरा देईल. प्रार्थना का झेंडा, एक काय ते धर."

"झेंड्यासाठीच तर प्रार्थना करायलोय, मालक," शमूदादा म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. मला इतका संताप आला, की सरपंचांच्याच सदऱ्याची बाही मी उलटी जोडली आणि तशीच राहू दिली.

शमूदादाची बायको पारूबाई त्याला म्हणाली, "नाव कशाला घ्यायचं? देवाला कळत न्हाई का?" ते त्याला पटलं. रविवारी गाव कान टवकारून बसलं.

"हे प्रभू, सरपंचाचं नाव मी घेत न्हाई. त्यांची मनाई हाय, अन् अधिकाऱ्याचं ऐकावं ही तुझीच आज्ञा. पर सुबुद्धी चुकून शेजारच्या गावच्या सरपंचाकडं जाऊ नये, म्हणून पत्ता सांगतो. मारुतीच्या पारापलीकडं, दुमजली घर, निळं गेट."

मी टेबलावर डोकं ठेवून हसलो. सरपंचांनी मात्र जयकार मेहुण्याला देऊन टाकला. निरोप आला तेव्हा शमूदादा झेंड्याच्या ओट्याला चुना लावत होता. "हाव," एवढंच म्हणाला आणि उरलेला चुना लावून घरी गेला.

त्याच आठवड्यात वैजनाथरावांच्या छातीत कळ आली. लातूरला नेलं, ऑपरेशन ठरलं. रविवारी सकाळी त्यांच्या बायको केवळाबाई गावी आल्या, त्या थेट चर्चच्या दारात. या दारात त्या कधी आल्या नव्हत्या. "शमूदादा, उद्या ऑपरेशन हाय. त्येंचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या."

शमूदादा चाचरला. "वहिनी, मनाई हाय त्यांची. कशी मोडू?"

अशा वेळी कुणी नियम धरून बसतं का? मी दुकानातून ओरडणारच होतो, पण केवळाबाईंनी सरळ फोन लावला आणि स्पीकर चालू करून त्याच्यापुढं धरला. सरपंचांचा आवाज पार बारीक झाला होता.

"शमू, घे बाबा नाव. अन् निळं गेट सांगू नको, तिथं मी न्हाई. लातूर सांग. दुसरा मजला, खिडकीजवळची खाट."

कुणी हसलं नाही. शमूदादानं गुडघे टेकले, नाव घेतलं, पत्ता सांगितला, पुन्हा नाव घेतलं. टाकीचा विषय काढला नाही. शेवटी ते 'आमेन' म्हणतात, ते त्या दिवशी मीही म्हणालो.

ऑपरेशन नीट पार पडलं. मुक्तिदिनाला झेंडा वर गेला आणि मेहुण्यानं सरपंचांच्या सांगण्यावरून शमूदादाला हात धरून पुढं आणलं. त्यानं असा जयकार दिला, की शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

केवळाबाईंनी दवाखान्यातून मेहुण्याला फोन लावून सरपंचांना हे सगळं ऐकवलं होतं. जयकार झाल्यावर सरपंच फोनवरून मेहुण्याला म्हणाले, "शमूला सांग, येत्या रविवारी टाकीचं काढ म्हणावं. आता बरा हाय मी."