व्हिडिओवर रुसून उठलो त्याची गोष्ट

बसा. आता हे तुमाला सांगायलाबी लाज वाटती, पर राग त्याहून मोठा हाय.

आमच्या लासुर्ण्यात रुसायची एक रीत हाय. बैठकीत आपलं कुणी ऐकंना, की टोपी घालायची, "करा तुमचं तुमी," म्हणायचं अन् ताडकन उठायचं. दारापतूर जायचं, पर दमानं. मग दोघंजण हाताला धरत्यात, "तात्या, असं कुठं असतंय व्हय?" म्हणून माघारी बसवत्यात, अन् ठराव आपल्याकडं झुकतो. आजपतूर मला पायताण घालायची येळ आली न्हाय.

यंदा कॅनॉलचं पाणी आधी कुणाला, ह्याची बैठक व्हती. माझा ऊस कॅनॉलातनं निघणाऱ्या चारीच्या पार शेवटाला. वरनं सुरू केलं तर माझ्यापतूर येस्तोवर पाणी संपतंय. म्हणून खालनं सुरू करा, एवढंच माझं म्हणणं. पर पाणी सोसायटीचे चेअरमन शब्बीरभाई म्हणाले, "लोकं पांगल्यात. व्हिडिओवरच घेऊ."

घेतली. कुणाचं कपाळ दिसतंय, कुणाचा पंखा. मी तोंड उघडलं की कुणाचा तरी कुकर शिट्टी मारायचा. अन् चारीच्या वरच्या अंगाला रान असलेला दत्तू? मी पोटतिडकीनं बोलतोय अन् हा माझ्यासमोर खुशाल जेवतोय! डोकंच फिरलं. टोपी घातली, "करा तुमचं तुमी," म्हणालो अन् लाल बटण दाबलं.

बायको म्हणली, "आता काय?"

"आता फोन येतोय बघ मनधरणीचा."

"अन् न्हाय आला तर?"

"न्हाय कसा येईल?"

न्हाय आला की हो! टोपीखाली घाम फुटला, पर काढायची कशी? शेवटी मीच शब्बीरभाईंना फोन लावला.

"तात्या, रेंज गेली व्हय तुमची?"

"रेंज कुठली? मी रुसून उठलो व्हतो!"

"असं व्हय? आमाला काय दिसतंय हितं? पाणी वरनं सोडायचं ठरलं. एकमतानं."

"एकमतानं? अन् माझा विरोध?"

"तुमी न्हवताच की. बरं, पाण्याच्या पाळीवर लक्ष ठिवायला कुणी तयार हुईना. मग जो हजर न्हाय त्याचंच नाव घातलं."

तवापासनं मीच चारीवर फिरतोय. पहिलं पाणी दत्तूला, ते बी माझ्या हातनं. माझा ऊस वाळाय लागला म्हणून तावातावानं तक्रार करायला निघालो, तर शब्बीरभाई म्हणाले, "तात्या, पाण्याच्या तक्रारी आता तुमच्याकडंच करायच्या."