मधला अर्धे पाऊल मागे

कच्चे तेल वाळूवर ओतून उन्हात मुरू दिले की त्याचा वास बदलतो, हे मला कतारच्या दुखानला येईपर्यंत ठाऊक नव्हते. आधी तो राकट, जळका वास घशात बसतो. मग चार-सहा दिवसांनी त्यात मिठाची आणि तापल्या दगडाची छटा उतरते, आणि पायाखालची भुसभुशीत वाळू चामड्यासारखी घट्ट होते. तेल कंपनीचे फुटबॉलचे मैदान असेच केलेले होते... गवताचे एक पातेही नसलेले, काळेभोर. पाच आठवड्यांपूर्वी भर दुपारी खमीस आमच्या दोहाच्या घराच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या कपड्यांना तोच वास होता. दुखानहून तो थेट ट्रक हाकत आला होता. "मामू..." एवढेच म्हणाला, आणि डोक्याचा रुमाल सोडून त्याने हातात घेतला. मामू गेले, हे पुढचे मला वासानेच सांगितले असावे. मी आत जाऊन खिळ्यावरचा काथ्याचा दोर काढला आणि का कोण जाणे, तो मांडीवर घेऊन बसून राहिले.

हसनमामू नात्याने माझे नव्हेत. ते यूसुफचे, माझ्या नवऱ्याचे मामा. रत्नागिरीच्या खाडीकाठी वाढलेले. लहानपणी वडिलांबरोबर त्यांनी रापण ओढली होती. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळे सोडायचे आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंच्या माणसांनी एका चालीने ओढत आणायची, ती रापण. एक बाजू जरा पुढे धावली की जाळे तिरके होते आणि मासळी निसटते. हे ज्ञान घेऊन हा माणूस पन्नासच्या दशकात कतारला आला, तेल कंपनीत पाइपांच्या गोदामावर मुकादम झाला, आणि संध्याकाळी कामगारांच्या फुटबॉल संघाला शिकवू लागला. त्यांनी स्वतः चेंडूला पाय लावल्याचे कोणी पाहिलेले नव्हते. डिसोझा नावाचा गोव्याचा कारकून त्यावरून त्यांना छेडायचा. "मामू, एक किक मारून दाखवा ना." मामू शांतपणे विचारायचे, "जाळं विणणारा पाण्यात पोहून दाखवतो काय रे?"

त्या काळी गोलरक्षकापुढे दोघे बचावाला उभे राहत आणि त्या दोघांपुढे आणखी तिघे. समोरून येणारी चढाई पहिल्यांदा अंगावर घ्यायची ती या तिघांनी. मामूंचा सारा जीव या पुढच्या रांगेत होता. मध्ये यूसुफ, डावीकडे डिसोझा, उजवीकडे खमीस. खमीस इथलाच, त्याचा बाप मोत्यांच्या गलबतावर, बुडी मारणाऱ्याच्या कमरेचा दोर हातात धरून बसायचा. दोराला हिसका बसला की क्षण न दवडता माणसाला वर ओढायचे, हे त्याने पोराच्या हाडांत भरलेले होते. मामूंनी गावाहून आणलेल्या काथ्याच्या दोराला तीन वेढे केले होते. सरावात हे वेढे तिघांच्या कमरेला. एकाने चेंडूमागे एकटे धावायचे नाही; सरकायचे ते तिघांनी मिळून. आणि एक पडला, तर बाकीच्या दोघांनी थांबून, उचलून, मगच पुढे. "मामू, आम्ही काय बैल?" डिसोझा ओरडायचा. "जू तेवढं आणायचं राहिलंय!" त्यावर मामू म्हणायचे, "बैल असतास तर एकदा सांगून कळलं असतं."

हे सारे मला पुष्कळ नंतर कळले. मैदानाच्या पलीकडच्या दोन खोल्यांच्या घरात मी त्या हिवाळ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असे. सातव्या महिन्यात माझे बाळ गेले होते. यूसुफने आणि मामूंनी ते इथल्याच वाळूत, समुद्राच्या बाजूला ठेवले. त्यानंतर माझे शब्द आटले. रत्नागिरीच्या कॉलेजात मी कवितेची दोन वर्षे काढली होती, बोटांवर मात्रा मोजत जेवणारी मुलगी म्हणून मैत्रिणी हसायच्या... आणि आता मला मिठाचा डबा मागायलाही ओठ उघडत नव्हते. यूसुफ घाबरला. पुढच्या महिन्याच्या बोटीने मला मुंबईला आणि तिथून माहेरी पाठवायचे, असे त्याने ठरवले. "आईजवळ राहिलीस की बरं वाटेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात इतकी माया होती की मला नाही म्हणता आले नाही. मला जायचे नव्हते. माझे मूल इथे होते. वाळूवरची ती वीतभर उंचवट्याची जागा वाऱ्याने महिन्याभरात सपाट केली असती आणि ती ओळखणारी त्याची आई समुद्रापार असती. हे मी कोणाला सांगितले नाही, कारण कोणी विचारले नव्हते.

विचारले ते मामूंनी. पण दुसरेच काही. एका दुपारी ते आले, माझ्यासमोर पितळी ताट ठेवले आणि त्यात खजुराच्या तीन बिया एका ओळीत मांडल्या. "गो बाय," ते म्हणाले, "खेळ हीच ज्यांची नोकरी, अशा पगारी लोकांचा संघ येतोय आपल्याशी खेळायला. आपला साहेब म्हणतो, पगारी संघ मधल्याला पार मागं नेतात, दोघांच्या रांगेत. मला म्हणतो, तूही ने. मला काही पटत नाय. पण माझी रांगही कुठंतरी फाटते, ता मला दिसत नाय. तुझी नजर कवितेची. तुला काय दिसतं, सांग." त्यांनी बिया तशाच ठेवल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामाची पिकअप आमच्या दाराशी आणली, मला पुढे बसवले आणि गाडी मैदानाच्या कडेला अशी उभी केली की तिघे मला नेमके बाजूने, एकामागे एक झाकलेले दिसावेत. काचेवर धुळीची साय होती. गाडीत तेलाचा, काथ्याचा आणि मामूंच्या खिशातल्या लवंगांचा वास होता. समुद्राकडे कललेल्या उन्हात तिघांच्या सावल्या माझ्या दिशेने लांबत येत. पहिल्या संध्याकाळी मी केवळ पाहिले. दुसऱ्या संध्याकाळी माझी बोटे मांडीवर आपोआप मोजू लागली. तिसऱ्या संध्याकाळी मला दिसले... डिसोझा दर वेळी अर्धे पाऊल आधी निघत होता. चढाई येताच तो पुढे, खमीस त्याला गाठायला पुढे, आणि मधल्या यूसुफला श्वास घ्यायला जागाच उरत नव्हती. कवितेच्या लांब ओळीच्या मध्ये एक थांबा असतो, त्याला यती म्हणतात. तो काढून घेतला की ओळ धापा टाकू लागते. घरी आल्यावर मामूंनी ताट पुढे केले. "सांग." मी मधली बी बोटाने किंचित मागे सरकवली. दोघांच्या रांगेपर्यंत नव्हे, अर्धे पाऊल.

"कशाला?" मामूंनी विचारले.

"त्याला थांबायला जागा हवी," मी म्हणाले. दीड महिन्यानंतर माझा आवाज मीच ऐकत होते. तो गंजलेल्या बिजागरीसारखा आला. "कडेचे दोघे पुढे, मधला जरा मागे. मग समोरचा मध्येच येईल, आणि दोघे त्याच्यावर मिटतील."

मामू ताटाकडे पाहत राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "रापण!" ते म्हणाले. "या अल्ला, पोटात खोल असते ती रापण. आणि मी तीन वर्षं दोर सरळ धरून बसलोय!"

सामन्याच्या दिवशी मी त्याच पिकअपमध्ये होते. पगारी संघाचे खेळाडू उंच, गोरे, काळ्या मैदानाकडे नाक मुरडणारे. त्यांची प्रत्येक चढाई आमच्या मधल्या पोकळीत शिरे आणि दोन्ही बाजूंनी अलगद मिटली जाई. मध्यंतरापर्यंत गोल नाही. साहेबसुद्धा खुर्चीच्या कडेवर आला होता. आणि मग, खेळ संपायला थोडा अवकाश असताना, यूसुफ घसरून पडला. चेंडू दोन हातांवर होता. डिसोझाने सहज पाय घातला असता तरी पुरले असते. पण कमरेला दोर नसतानाही दोघे जागच्या जागी थांबले, वळले, खमीसने "यल्ला, यल्ला!" करत यूसुफच्या काखेत हात घातला, डिसोझाने दुसरीकडून धरले, आणि त्या तिघांच्या अंगावरून चालत जावे तसे पगारी संघाने गोल केला. त्याच एका गोलाने आम्ही हरलो. साहेब काय काय ओरडला ते गाडीत ऐकू आले नाही. मला दिसले ते एवढेच की मैदानाच्या मध्यावर माझा नवरा दोन माणसांच्या आधाराने उभा होता, आणि ते दोघे त्याच्या गुडघ्यावरची काळी वाळू झटकत होते.

मी हसू लागले. इतकी हसले की काचेवर वाफ धरली, आणि मग ते हसणे कुठल्या वळणावर रडणे झाले ते कळले नाही. मामू दार उघडून शेजारी बसले. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होते, पोट धरून ते म्हणत होते, "शिकवलं मीच गो, शिकवलं मीच!"

घरी तिघेही खाली मान घालून बसले होते. डिसोझा पुटपुटला, "मामू, शिव्या द्या, पण काहीतरी बोला." मामूंनी एकही दिली नाही. ताट मागवले, बिया मांडल्या, आणि यूसुफकडे पाहून म्हणाले, "आज तुला दोघांनी उचललं. तू हिला विचारलंस काय, हिला कुठं राहायचंय?" यूसुफने चहाचा पेला खाली ठेवला. मामू माझ्याकडे वळले. "सांग, बाय." आणि मी सांगितले. बोटीचे, वाऱ्याचे, वाळूवरच्या उंचवट्याचे... सगळे. डिसोझा आणि खमीस उठून हलकेच बाहेर गेले. यूसुफने तिकीट परत केले. पुढच्या शुक्रवारी मामूंनी गोदामातले पाइपाचे एक कापून उरलेले टोक आणून त्या जागी उभे रोवले. ते अजून आहे.

नंतर आम्ही दोहाला आलो, दोन मुली झाल्या, आणि तो दोर मामूंनी मला दिला. "नव्या पोरांना कमरेला बांधून घ्यायची लाज वाटते," म्हणाले. त्यांच्या जनाज्याच्या दिवशी मी दुखानच्या त्या जुन्या घराच्या दारातून पाहत होते. खांदेकरी बदलत गेले, तशी एका क्षणी पुढे यूसुफ आणि खमीस, आणि बाजूने, आपण ख्रिस्ती, खांदा देता येतो की नाही या संकोचात हात नुसता टेकवून डिसोझा, असे तिघे मला बाजूने दिसले. माझी बोटे मोजू लागली. डिसोझा अर्धे पाऊल पुढे नव्हता.

दोर पुन्हा खिळ्यावर आहे. मधल्या वेढ्याला घामाने आलेला काळसरपणा जात नाही. नाकाशी नेला की काथ्याखाली अजून तेल जाणवते. मामू जाण्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना कंपनीच्या दवाखान्यात भेटले होते. जीभ जड झाली होती, उजवा हात निकामी. बराच वेळ मी इकडचे-तिकडचे बोलत राहिले, मुलींच्या शाळेचे, दोहाच्या नव्या रस्त्याचे, आणि निरोपाचे जे बोलायचे होते ते सोडून सारे. त्यांनी डाव्या हाताने उशाखाली चाचपून खजुराच्या तीन बिया काढल्या. चादरीवर मांडल्या. मधली जरा मागे सरकवायला त्यांना फार वेळ लागला. मी मदत केली नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि एकेक अक्षर ओढून आणत म्हणाले,

"सांग."