पयले पंगत

चढाईत समोरच्या गड्याला तो फक्त एक बोट लावायचा. धक्का नाही, ओढाताण नाही. दम न सोडता रेषेपार परत यायचा आणि मग हसून म्हणायचा, "बाद, भाऊ!" तुम्ही त्याच्यासमोर असता तर बाद होऊनही हसला असतात.

हुतूतूवर पोट भरणारा आमच्या मारेगावकडचा हा पहिलाच गडी. बाकी आम्ही सगळे हौशी. मी शाळामास्तर आणि संघाचा कप्तान. त्याला मात्र गावोगावचे लोक जवारी देऊन खेळायला न्यायचे. त्याची अट एकच: "पयले पंगत, मंग खेळ." जेवण सगळ्या संघासोबत, एका रांगेत. छप्पन सालानंतर त्याच्या घरात बुद्धाची तसबीर लागली, तेव्हापासूनची ही अट.

एका गावी यजमानांनी आम्हाला ओसरीवर वाढलं आणि त्याचं ताट लिंबाखाली ठेवलं. आम्ही? मुकाट्याने जेवलो की! तो ताटाला न शिवता मैदानात गेला आणि मधल्या रेषेवर आडवा झाला. लोक शिट्ट्या मारू लागले. यजमान धावत आले, "अरे, उठ ना बाप्पा! काहून इज्जत घेऊन राह्यला?"

"मले भूक लागली ना, पाटील."

शेवटी पंगत मैदानातच बसली. त्याच्या जोडीला आम्हालाही पुन्हा जेवावं लागलं. पोटं अशी तट्ट, की वाकता येईना. सामना त्या पठ्ठ्याने एकट्याने जिंकला!

पुढे त्याचा गुडघा गेला, खेळ सुटला. एक दिवस म्हणाला, "मास्तर, रविवारी माह्या घरी पंगत. माय वांग्याची भाजी करते. साऱ्यायले घेऊन या."

रविवारी एकाचा बैल आजारी पडला, एकाची सासू आली. मी ताप आल्याचा निरोप धाडला. खोटं कशाला सांगू, घरचे काय म्हणतील याची भीती वाटली.

सोमवारी तो लंगडत शाळेत आला. "ताप कसा हाय?" म्हणत त्याने माझ्या कपाळाला एक बोट लावलं. कपाळ गार. तो हसला.

"बाद, मास्तर!"

आठवडाभर मला घास गोड लागला नाही. पुढच्या रविवारी आपणहून त्याच्या घरी गेलो, तर दाराला कुलूप. मायलेक कायमचे चांद्याला मामाकडे गेले होते.

"काही काम होतं का, गुरुजी?" शेजारणीने विचारलं.

"जेवाले आलतो," मी म्हणालो.