कडी न लावलेलं दार

दिनांक २ मे, सुनंदाच्या उपचाराचे पैसे भरले तो दिवस. रक्कम एकतीस लाख, सगळी आगाऊ. हजर होतो मी, बायको सुनंदा स्वतः आणि तिची थोरली बहीण मंगलताई.

पुढं जे घडलं, तसल्या अद्भुत गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी हिशेब तपासणारा माणूस. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात कधी अंगारासुद्धा आला नाही.

सुनंदाला रक्ताचा कॅन्सर. दोनदा केमो घेऊनही तो उलटला. शेवटचा उपाय म्हणून तिच्याच रक्तातल्या पेशी काढून मुंबईच्या लॅबला पाठवल्या. तिथं त्यांना कॅन्सर मारायला तयार करायचं, वाढवायचं आणि परत आणून तिला चढवायचं. तोवर तिला टिकवणं... एवढंच आमच्या हाती.

तिच्या माहेरी, लासूर स्टेशनला, एक रीत आहे. घरातलं माणूस परगावी असलं की दिवसा दाराला आतून कडी घालत नाहीत, नुसतं लोटून ठेवतात. आपल्या पेशी परगावी गेल्यात म्हणून सुनंदानं तेच धरलं. मंगलताई म्हणाल्या, "लिफ्ट बंद आहे गं. तीन जिने जमतील का तुझ्या पेशींना?" सुनंदा पोट धरून हसली. ते तिचं शेवटचं हसू.

मग एका दुपारी तिनं गोधडी मागितली. बाहेर ऊन रणरणत होतं. "त्यांना गारठ्यात ठेवलंय," म्हणाली. मी तापाचं बरळणं समजलो. दुसऱ्या दिवशी लॅबचा फोन आला — पेशी चांगल्या वाढल्या, काल गोठवल्या, तपासण्या झाल्या की पाठवू.

त्यानंतर मी रोज फोन करायचो. हात जोडायचो, भांडायचो. उत्तर एकच, अहवाल यायचेत. इकडे सुनंदाला पाणीही गिळवेना.

डॉक्टरांनी भेटायला येणाऱ्यांना मनाई केली होती, तरी लोक दार ढकलून आत यायचे. म्हणून मंगलताईंनी एका सकाळी कडी घातली. दुपारी सुनंदानं डोळे उघडले.

"अहो, कडी कुणी लावली? त्या आल्यात."

मी धावलो, दार उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. बाहेरची लोखंडी कडी मात्र पांढरी झाली होती. हात लावला तर बोट चिकटलं. समोरच्या घरातले शेखभाई आवाजानं बाहेर आले. त्यांनीही कडी चाचपली आणि हळूच म्हणाले, "भाई, ये तो बरफ है."

आत वळलो तोवर सुनंदा गेली होती.

कूलर लांब, आतल्या खोलीत होता. लॅबला विचारलं, पेशींची पिशवी फ्रीजरमधून हललेलीच नव्हती. कडीचा खुलासा मला आजवर मिळालेला नाही.

महिन्याभरानं लॅबमधल्या बाईंनी विचारलं, पिशवी नष्ट करायची का? मी म्हणालो, "त्यातल्या पेशी जिवंत आहेत?"

"हो सर. गोठलेल्या आहेत, पण जिवंत."

मंगलताई म्हणाल्या, "दाजी, सोडा आता तिला."

वर्षभर पिशवी ठेवण्याचे अठरा हजार मी लॅबला भरले. पावती सुनंदाच्या नावानं आली.