कॅमेरा बंद म्हणजे गैरहजर

मंडळी, आज माझी मलाच लाज वाटली.

लॉकडाऊनमुळे आमचं बायकांसाठीचं नोकरी प्रशिक्षण मोबाईलवर चालतं. कॅमेरा बंद दिसला की मी सरळ गैरहजेरी लावते. रुबीनाताईंना सलग तीन दिवस लावली. आज मुलाखतीचा सराव होता, म्हणून त्यांनी कॅमेरा सुरू केला.

इस्त्रीचा ड्रेस घालून त्या बाथरूममध्ये उपड्या बादलीवर बसल्या होत्या.

"मॅडम, आठ माणसांच्या घरात आतून कडी लागती अशी ही एकच जागा हाय. जल्दी विचारा, बाहेर सासरे थांबलेत."

मी गंगापूर रोडच्या माझ्या ऐसपैस फ्लॅटमधून ठरलेला प्रश्न वाचला, "पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?"

दारावर थाप पडली.

"कुठंबी, मॅडम. फक्त घराबाहेर," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

या उत्तराला मी किती मार्क देऊ, सांगा ना कोणीतरी?