काळीपिवळीतली प्रार्थना

डिझेलचा वास आला की वडिलांची काळीपिवळी जीप आठवते. किल्ली फिरवताना ते रोज मोठ्यानं म्हणायचे, “प्रभू येशू, सगळ्यायले घरी पोचव.” रोजची एक भाजीवाली म्हातारी हसायची, “देवाले कायले तरास देतं बाप्पा?” एकदा राजूर घाट उतरताना ब्रेकच लागेना. वडिलांनी तेच वाक्य शांतपणे म्हटलं, खालचा गिअर टाकला, डोंगराच्या कडेला घासत नेऊन जीप थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या फेरीला म्हातारीच म्हणाली, “थांब, आंधी तुही प्रार्थना म्हन, मंग काढ गाडी.” वडिलांनी म्हटली, तेव्हा अख्ख्या जीपनं हात जोडले. मागच्या सीटवरून मी बघतच राहिले. वडील काय करायचे असं आजही कुणी विचारलं, की मी ताठ मानेनं सांगते, ड्रायव्हर होते.