सगळ्यात स्वस्त कारण

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, वाचणाऱ्यानं माफ करावं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पण हे दुसऱ्या कुणाकडून लिहून घेता येत नाही — आजवर कुणाला सांगितलेलंच नाही.

इकडे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजात एका मराठी घरी मी स्वैपाक करते. सहा वर्षांपूर्वी तिथली पूजेची चांदीची पळी हरवली. वहिनींनी एकेकावर नजर फिरवली. माकडानं नेली? खिडकीला जाळी. मुलानं विकली? छे. मी? मी वीस वर्षांची जुनी. उरली रामकली — किला गेटहून भांड्यांना येणारी, तीन महिन्यांची नवी. देवघरात ती पाऊलसुद्धा टाकत नसे. "रामकलीच. और कौन असणार?" वहिनी म्हणाल्या. महिन्याचा पगार कापला, कामावरून काढलं. जाताना ती मला एवढंच म्हणाली, "दीदी, आप तो वहीं थीं।"

मी पोळी उलटत राहिले.

मागच्या दिवाळीत वहिनींची मुलगी, मुग्धाताई, आली. ती कॉम्प्युटरला विचार करायला शिकवते म्हणे. कणीक मळता मळता मी विचारलं, तो कसा करतो विचार?

"मावशी, समजा दूध नासलं. का नासलं, याची सगळी कारणं तो काढतो. प्रत्येक कारण मानायची एक किंमत असते. सगळ्यात स्वस्त पडेल ते तो धरतो."

"किंमत कोण लावतं?"

"आपणच."

माझा हात थांबला. हिला कळलंय का? मुद्दाम बोलली का? अजून मी तिच्या नजरेला नजर देत नाही. रामकली किती स्वस्त पडली — आणि ती स्वस्त आहे, हे मला ठाऊक नव्हतं का?

निर्माल्य बागेतल्या खड्ड्यात पुरायचं, असा त्या घरचा नेम. पळी हरवली त्या सकाळी घाई होती — नाही, कंटाळा होता. मी पिशवी कचऱ्याच्या गाडीत टाकली. आत काहीतरी खणकलं. ऐकलं मी. गाडी वळेपर्यंत उभी राहिले. तासाभरात घरात पळीची शोधाशोध सुरू झाली. देवाची फुलं कचऱ्यात टाकली, हे सांगावं लागलं असतं. गप्प बसले.

परवा किला गेटला जाऊन रामकलीला तो कापलेला पगार दिला. वहिनींनी पाठवलाय, म्हणाले.

"मिल गई क्या?" तिनं विचारलं.

मी हो म्हणून मान हलवली.

तिनं माझ्याकडे बघत बघत नोटा दोनदा मोजल्या. पूर्ण होत्या.